सोल्वेगवरचा दुसरा मृत्युलेख

मंगळवारी सकाळी एव्हर्टने वर्तमानपत्र उघडलं आणि मृत्युलेखांच्या पानावर त्याची बायको पुन्हा एकदा गेलेली होती. पहिला लेख येऊन गेला होता. पोहण्याच्या तलावावरच्या तिच्या जुन्या सहकाऱ्यांनी तो लिहिला होता: येव्हले शहरातल्या निम्म्या पोरांना सोल्वेगने पाण्यावर तरंगायला कसं शिकवलं, तिची शिट्टी, तिचा पिवळा रेनकोट, आणि शेवटी रीतीप्रमाणे जवळच्यांची नावं, नवरा एव्हर्ट आणि मुलगी इल्वा. तो मजकूर त्यांनी आधी फोनवर वाचून दाखवला होता, त्याने बरं म्हटलं होतं, छापून आल्यावर कापून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. अंत्यविधी झाला, चर्चच्या हॉलमध्ये लोकांनी सँडविचचा केक खाल्ला, ती किती सरळ चालायची याबद्दल सगळे बोलले आणि घरी गेले. मेलेल्या माणसाबद्दल जे लिहायचं ते लिहून झालं होतं. आता हा दुसरा लेख कुठून आला? त्याला फोटो नव्हता. एका निवृत्त पशुवैद्याच्या आणि एका चर्चच्या ऑर्गनवादकाच्या मध्ये तो बसवलेला होता, अरुंद, एका स्तंभाचा. एव्हर्टने चष्मा पुसला आणि पहिल्यापासून वाचायला घेतला.

"सोल्वेग नोर्डलांडर आता नाही. तिच्या पोहण्याबद्दल इतरांनी लिहिलं आहे. मी तिला कोरड्या जमिनीवर ओळखत होतो. गुरुवारी दुपारी आम्ही बरोबर कॉफी प्यायचो. केकमधले बेदाणे ती वेचून बशीच्या कडेला लावून ठेवायची. ती मोठ्याने हसायची, शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघतील इतक्या मोठ्याने. समोर नसलेल्या माणसाबद्दल ती अशी बोलायची की तो माणूस खुर्ची ओढून आमच्यात येऊन बसायचा. माझ्याशी बोलायची तिला काही गरज नव्हती. तरी ती बोलली, वर्षानुवर्षं बोलली. तिच्या मागे नवरा एव्हर्ट, मुलगी इल्वा आणि इल्वाचं कुटुंब आहे. मुलगा स्टाफान तिच्या आधी गेला." आणि खाली नाव, पेडर हालीन.

त्याने पहिल्यांदा चुका शोधल्या. आयुष्यभर भूमापन खात्यात नकाशे तपासण्याचं काम केलेलं. कागद हातात आला की आधी चूक शोधायची ही सवय बोटांतच मुरली होती. पण चूक नव्हती. आडनाव बरोबर होतं. बेदाणे बरोबर होते, ती खरंच वेचायची, पण हे घराबाहेर कुणाला माहीत असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. मोठ्याने हसायची? कोण? सोल्वेग? त्याने आठवून पाहिलं. ती हसायची, हो, नाकातल्या नाकात, टीव्ही बघताना. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघतील असं हसणं त्याला आठवत होतं, पण ते फार जुनं होतं, त्यातली सोल्वेग केस कापलेली, घट्ट बांध्याची, तिशी-पस्तिशीतली होती. मग हा माणूस तिला तेव्हापासून ओळखतो की काय? आणि हा सगळा विचार तो करत होता तो शेवटच्या ओळीकडे परत बघायला लागू नये म्हणून, हेही त्याला कळत होतं. शेवटच्या ओळीत स्टाफान होता. शाईत छापलेला. या नावाची सात अक्षरं त्यांच्या भाषेत, त्याला ती एकेक दिसत होती, गेली अठरा वर्षं त्याने ती कुठे लिहिलेली पाहिली नव्हती. थडग्याच्या दगडावर होती, पण दगडाकडे सोल्वेग एकटी जायची. कुणा परक्या माणसाने ते नाव उचलून वर्तमानपत्रात ठेवलं होतं, आणि आता ते शहरभर स्वयंपाकघरांतल्या टेबलांवर पडलं असेल, त्यावर पावाचा चुरा सांडत असेल.

गुरुवारी दुपारी ती विणकामाच्या वर्गाला जायची. जाताना वाटाण्याचं सूप करून ठेवायची, गुरुवारचं सूप, आणि पॅनकेक झाकून. तो एकटा बसून खायचा, रेडिओ ऐकायचा, ती साडेचारच्या सुमाराला परत यायची तेव्हा गाल लाल असायचे. थंडीने, असं त्याने धरलं होतं. इतकी वर्षं. एकाहत्तर वर्षांच्या माणसाने मेलेल्या बायकोबद्दल असला संशय घ्यावा याची त्याला लाज वाटली, आणि लाज वाटूनही संशय जागचा हलला नाही. पेडर. पेडर नावाचा एक दातांचा डॉक्टर होता, तो केव्हाच वारला. पेडर नावाचा तिचा एक मावसभाऊ होता, नॉर्वेत. आणखी एक पेडर… इथे त्याचं मन दरवाजाच्या उंबऱ्यावर पाय अडखळावा तसं अडखळलं आणि त्याने ते लगेच मागे घेतलं. कॉफी गार झाली होती. त्याने ती सिंकमध्ये ओतली, कप विसळला, पुन्हा पुसला, आणि उप्सालाला इल्वाला फोन लावला. ती औषधांच्या दुकानात काम करते, सकाळी फोन केलेला तिला आवडत नाही.

"इल्वा, आजचा पेपर पाहिलास का?"

"आमच्याकडे कुठे येतो तुमचा पेपर, बाबा." मग ती थांबली. "आला का तो?"

"आला का म्हणजे? तुला माहीत होतं?"

"तू बसलायस ना?"

"बसलोच आहे. हा हालीन कोण?"

"पेपरवाल्यांनी मला विचारलं होतं. घरच्यांची काही हरकत आहे का म्हणून. मी म्हटलं, नाही."

"मला का नाही विचारलं?"

"तू नको म्हणाला असतास."

"अर्थातच नको म्हणालो असतो! कोण कुठला माणूस... तो काय विणकामाच्या वर्गातला आहे?"

पलीकडे इल्वाने लांब श्वास घेतला. "बाबा, आई विणकामाच्या वर्गाला कधी गेलीच नाही रे. तिने विणलेली एक तरी सतरंजी पाहिलीस का घरात?"

त्याने खाली पाहिलं. पायाखाली निळ्या पट्ट्यांची सतरंजी होती. ती त्यांनी मिळून दुकानातून आणली होती, तो दिवसही त्याला आठवला. अठरा वर्षांत, की दहा, त्याने कधी विचारलं नव्हतं, काय विणतेस, दाखव तरी. "मग त्याचं आणि तिचं…" तो म्हणाला आणि वाक्य तसंच सोडलं.

इल्वा हसली, आणि ते हसणं मध्येच ओलं झालं. "तुला तसलं वाटतंय? नाही, बाबा, तसलं काही नाही. तसलं असतं तर सोपं होतं." मग अगदी हळू तिने विचारलं, "तुला पेडर नावाची माणसं किती माहीत आहेत?"

त्याने पायाच्या अंगठ्याने सतरंजीची कडा सरळ केली.

"त्याने लग्नात बायकोचं आडनाव घेतलं. ब्रूनेस भागात बेकरी आहे त्याची, दोनला बंद होते. बाबा? मला यायला सांग, मी येते. बाबा, ऐकतोयस ना?"

त्याने फोन टेबलावर ठेवला. बंद केला नाही, नुसता ठेवला. त्यातून इल्वाचा आवाज येत राहिला, डब्यात अडकलेल्या माशीसारखा बारीक, आणि मग तोही थांबला.

अठरा वर्षांपूर्वी कोर्टात तो पोरगा, पेडर, त्यांच्या पुढच्या बाकावर बसला होता. एव्हर्टला त्याचा चेहरा फारसा आठवत नाही, मान आठवते, नुकत्याच कापलेल्या केसांखालची पांढरी मान आणि लाल झालेले कान. एकोणीस वर्षांचा. नोव्हेंबरचा काळोख, रस्त्यावर काचेसारखा गोठलेला थर, त्याच्या गाडीचा वेग जास्त. दारू प्यालेला नव्हता. प्यालेला असता तर बरं झालं असतं, असं एव्हर्टला वाटायचं; दारूला शिव्या घालता आल्या असत्या. स्टाफान हॉकीच्या सरावाहून सायकलवर घरी येत होता, पाठीला पिशवी, पिशवीत बूट. कोर्टाने त्या पोराला दंड केला आणि निलंबित शिक्षा दिली, आणि एव्हर्ट उभा राहून काहीतरी मोठ्याने बोलला. काय बोलला ते त्याला पुढे कुणी सांगितलं नाही, सोल्वेगने त्याच्या बाहीला धरून त्याला बाहेर आणलं. त्यानंतर घरात दोन नावं उच्चारली गेली नाहीत. एक त्या पोराचं. आणि दुसरं... त्याने मनाई केली नव्हती. तसं कुणी म्हणू शकलं नसतं. एवढंच झालं की एकदा जेवताना सोल्वेग बटाट्यांवर शेपू घालता घालता म्हणाली, स्टाफानला असे आवडायचे, आणि एव्हर्ट उठून जिन्यात जाऊन उभा राहिला. थंड जिना, खाली कुणीतरी पोस्टाच्या पेट्या उघडत होतं. परत आला तेव्हा बटाटे गार झाले होते. दुसऱ्यांदा ती काही म्हणाली तेव्हाही तो उठला. तिसऱ्यांदाही. माणसाने जेवताना उठून जाणं म्हणजे काही मनाई नव्हे. पण मग ती बोलेनाशी झाली, आणि एक दिवस भिंतीवरचे फोटोही इल्वाच्या घरी गेले, आणि त्याला हायसं वाटलं. आपल्याला हायसं वाटलं हे त्याला तेव्हाही दिसलं होतं.

दीडच्या सुमाराला तो कोट घालून निघाला. कशासाठी ते त्याला ठाऊक नव्हतं. छापलेलं परत घेता येत नाही. नकाशातली चूक पुढच्या आवृत्तीत सुधारता येते, मृत्युलेखाला पुढची आवृत्ती नसते. मार्च महिना, फुटपाथवर बर्फाचा करडा चिखल, त्यात हिवाळाभर टाकलेली खडी, बुटाखाली दळल्यासारखी वाजत होती. कॉफी भाजण्याच्या कारखान्याचा करपट वास आज साऱ्या शहरावर उतरला होता. नदीच्या पुलावर त्याला तलावावरची एक बाई भेटली, म्हणाली, "वाचलं हं आज. किती छान लिहिलंय कुणीतरी." तो म्हणाला, "हो." कुणीतरी. त्याच्या खिशातल्या मुठी घामेजल्या होत्या. मुठी कशाला वळल्यात आपण? मारणार आहोत का? म्हातारा माणूस बेकरीत शिरतो आणि बेकरीवाल्याला मारतो, आणि उद्या तेही त्याच वर्तमानपत्रात, दुसऱ्या पानावर. त्याला हसू आलं नाही. राग तर त्याला ओळखीचा होता, घरातल्या जुन्या खुर्चीसारखा. भीती वेगळीच होती. ती म्हणजे सोल्वेग त्या माणसासमोर काय बोलली असेल याची. आपल्याबद्दल. जिन्यात उभं राहण्याबद्दल. दर गुरुवारी सूप खाणारा एक माणूस घरी बसलाय आणि इकडे त्याची बायको त्याचा हिशेब त्या पोरासमोर मांडतेय, आणि तो पोरगा मान हलवतोय.

दोन वाजत आले होते. बेकरीत गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरमागे एक रुंद खांद्यांचा, टक्कल पडलेला माणूस ट्रे पुसत होता, कोपरापर्यंत पीठ. त्याने वर पाहिलं आणि त्याचा हात थांबला. कान लाल झाले. कानांवरून एव्हर्टने त्याला ओळखलं.

"तुम्ही याल असं इल्वा म्हणाली," तो म्हणाला. "मी दार लावून घेऊ का?"

"लाव."

त्याने दार लावलं, पाटी उलटी केली, आणि मागच्या खोलीत नेलं. तिथे एक लहान टेबल, दोन स्टुलं, भट्टीची ऊब. त्याने न विचारता कॉफी ओतली, आणि मग ती देऊ की नको अशा गोंधळात किटली हातात धरून उभाच राहिला. एव्हर्टने स्टूल ओढलं.

"मी तुला माफ करायला आलेलो नाही."

"नाही. माहितेय मला."

"त्या नावाला तू हात लावायला नको होतास."

"मी ते आधी नव्हतं घातलं," पेडर म्हणाला. "चार वेळा लिहिलं, चारही वेळा त्याच्याशिवाय. मग वाटलं, ती मला झापेल. म्हणेल, अरे, मला दोन मुलं आहेत." त्याने किटली खाली ठेवली. "तुम्ही म्हणत असाल तर मी पेपरात माफी छापायला सांगतो."

"माफी कसली छापतोस." एव्हर्टने कपाकडे पाहिलं. "हे कधीपासून चाललं होतं?"

"मी हे दुकान घेतलं तेव्हापासून. ती पाव घ्यायला आली. मी ओळखलं, आणि मागे पळून आलो, बायकोला पुढे पाठवलं. पुढच्या आठवड्यात परत आली. मला म्हणाली, पेडर ना तू? मला वाटलं, आता ही थोबाडीत देणार, आणि खरं सांगतो, बरं वाटलं मला. तर तिने विचारलं, तुला त्याची आठवण येते का? मी म्हटलं, रोज. तर म्हणाली, मलाही रोज. आणि तिथेच, पावाच्या टोपल्यांसमोर..." तो थांबला. "मग गुरुवारी इथे यायला लागली. कधी नदीकाठच्या कॅफेत जायचो. तिथे बेदाण्यांचा केक मिळतो."

"आणि माझ्याबद्दल काय बोलायची?"

पेडरने गोंधळून पाहिलं, जणू हा प्रश्न त्याला कधी सुचलाच नव्हता. "तुमच्याबद्दल? फारसं नाही. एकदा म्हणाली, एव्हर्टला बोलता येत नाही, त्याचा दम कोंडतो. वाईट नाही म्हणाली. पाय मोडलेल्या माणसाला पळता येत नाही म्हणतात ना, तसं म्हणाली. आम्ही स्टाफानबद्दलच बोलायचो. म्हणजे ती बोलायची. मला तो कुठे माहीत होता? मी त्याला पाहिला तो…" त्याने हाताने तोंडावरचं पीठ पुसलं आणि तोंडाला आणखी पीठ लागलं. "मला त्याच्याबद्दल तेवढी एकच गोष्ट माहीत होती. ती म्हणाली, तेवढी एकच घेऊन जगू नकोस. तिने मला बाकीच्या दिल्या."

भट्टी थंड होताना पत्रा टकटक वाजत होता. एव्हर्टला आतून विचित्र काहीतरी वाटत होतं, आणि ते काय आहे हे त्याला जरा वेळाने समजलं. हेवा. या माणसाकडे त्याचा मुलगा होता, वर्षानुवर्षं गोळा केलेला, गुरुवार-गुरुवारचा, आणि स्वतःकडे एक थंड जिना. उठावं असं त्याच्या पायांना वाटलं. पाय टेबलाखाली हललेही. दार चार पावलांवर होतं. उठलो तर हाही गप्प बसेल, त्याला वाटलं, ती बसली तसा. आणि मग मुलाबद्दल बोलणारं जगात कुणीच उरणार नाही. तो स्टुलाची कडा धरून बसून राहिला.

"काय काय दिल्या?" त्याने विचारलं.

"खूप. त्याच्या पहिल्या दाताची. शाळेच्या नाटकात तो झाड झाला आणि शिंकला, ती. धुरावलेल्या माशांची."

"कुठली माशांची?"

"तो सात वर्षांचा होता, तुमच्याबरोबर ब्योनानला गेला होता, समुद्रावर. त्याला धुरावलेलं हेरिंग इतकं आवडायचं म्हणे, की तिथे मासे धुरावतात त्या घरातून बाहेरच पडेना. घरी आला तर मोज्यांपर्यंत धुराचा वास. तिने दोनदा आंघोळ घातली तरी जाईना. ती हे सांगताना इतकी हसायची..."

"चूक आहे," एव्हर्ट म्हणाला.

पेडरने वर पाहिलं.

"साफ चूक. त्याला मासे आवडायचेच नाहीत. मासा बघितला तरी नाक धरायचा." त्याने कप बाजूला सारला, टेबल मोकळं केलं, जणू त्यावर काही पसरून दाखवायचं होतं. "आम्ही बर्फावर गेलो होतो. खाडीवरच्या. असाच मार्च. त्याला पलीकडे मोकळं पाणी बघायचं होतं, आणि मी म्हटलं, चल, धरेल बर्फ अजून. मी म्हटलं. मी, नकाशेवाला! आणि तो पुढे पळाला आणि गेला आत. काखेपर्यंत. मी पोटावर सरपटत जाऊन जाकिटाच्या टोपीला धरून ओढला त्याला." त्याचा श्वास आखूड झाला होता, आत्ताच ओढून काढल्यासारखा. "किनाऱ्यावर एक बाई मासे धुरी देत होती. तिने त्याला उघडा केला, नवऱ्याचा स्वेटर घातला, आगीपाशी बसवला, आणि त्याचे कपडे टांगले वर, माशांच्या रांगेत. पँट, मोजे, सगळं. दात वाजत होते त्याचे आणि हसत होता. वर बोट दाखवून म्हणतो, बाबा, बघ, मी पण टांगलोय."

"ती कधी म्हणाली नाही हे," पेडर हळूच म्हणाला.

"तिला माहीतच नव्हतं! माशांची थाप आम्हीच मारली होती. शपथ घातली होती त्याने मला. मीही घातली त्याला. मला वाटलं, सोल्वेगला कळलं तर ती मला घराबाहेर काढेल. पण त्याची काळजी निराळीच. पोहण्याच्या बाईंचा मुलगा ना तो." एव्हर्ट थांबला. पायांना पुन्हा जिना आठवला. तो बसूनच राहिला, आणि पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं तर ते बारीक, फुरंगटलेल्या, पुढचा दात पडलेल्या आवाजात निघालं. हा आवाज आपल्याजवळ अजून आहे याचा त्याला पत्ता नव्हता. "आईला थांगू नकोथ हं, बाबा. ती विचारेल, पाय का नाही मारलेथ?"

पेडर हसला. एकदम, पोटातून, खोली भरेल इतका, आणि लगेच पांढरा पडून त्याने तोंडावर हात दाबला. डोळे एव्हर्टवर रोखलेले, भ्यालेले.

एव्हर्टने त्याच्याकडे बघितलं. हा माणूस हसेल का नाही, याची आपण मघापासून वाट पाहत होतो, हे त्याच्या ध्यानात आलं.

"काढ तो हात," तो म्हणाला. "अजून संपलं नाही. घरी गेल्यावर तर खरी मजा झाली."